हातचा

डेटनच्या या इमारतीला खिडक्या नाहीत.
बाहेर बर्फ की ऊन, हे आम्हाला
मार्लीनच्या बुटांवरून कळतं.
फोन दाराशी, खणात. घड्याळही,
फार शहाणं असेल तर.
मग आत सात माणसं, मी,
आणि कागद.

सांगण्याजोगं काम एवढंच:
दोस्त देशाला काय दाखवायचं
आणि किती.
पेठेबाई बेरीज शिकवायच्या,
सात नि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक.
हातचा लिहायचा नाही गं, लक्षात ठेवायचा.
मला पगार मिळतो तो त्या एकाचा.

मंगळवारी पाहुणे आले.
कुठले, ते कवितेतही लिहिता येत नाही.
चांगली माणसं. चॉकलेटं आणली होती,
त्यांचीही नोंद झाली, किंमत अंदाजे अकरा डॉलर.
गळ्यात लाल पट्टा,
म्हणजे बाथरूमपर्यंतसुद्धा सोबत कुणीतरी हवं.
असा पट्टा मीही घातला होता, पंधरा वर्षांपूर्वी,
आणि वेंडेल दाराबाहेर उभा राहून
आपल्या टोमॅटोच्या रोपांबद्दल
मोठमोठ्याने बोलत राहिला होता,
मला अवघडू नये म्हणून.

गुरुवारी कळलं, चौथं पान गेलं.
त्यावरचा तक्ता काढायचा होता,
तो काढलाच नव्हता.
कोल्बीने स्वतःच येऊन सांगितलं,
उंबऱ्यावर उभं राहून, आत न येता.
तक्ता तसा फुटकळ होता.
हे मी म्हणायचं नसतं,
फुटकळ काय ते ठरवणारा मजला वेगळा आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची,
मी त्यांना समजावून सांगितलं एकदा.
मार्लीनने विचारलं, डॉलरमध्ये किती?
चौदाशेच्या वर, म्हटलं.
स्वस्तात आहे मग, ती म्हणाली,
आणि हसलो होतो सगळे.
गुरुवारी कुणी हसलं नाही.

अहवालात रकाना: कारण.
मी लिहिलं, मानवी चूक.
अकरा आठवड्यांची मुलगी, रात्रभर रडणं,
हे त्या चौकटीत मावत नव्हतं.
मावलं असतं तरी लिहिलं नसतं.
ते त्याचं. दाखवायचं की नाही,
त्याने ठरवायचं.
पुढचा रकाना: देखरेख कोणाची.
तिथे माझं नाव, सुवाच्य,
खासगीवाले.
या आडनावाचा अर्थ
इथे कुणाला मी अजून सांगितलेला नाही.

फॉर्म माझाही असतो, दरवर्षी.
परदेशी व्यक्तींशी संबंध.
नाव: आईचं. गाव: मिरज.
किती वेळा: रोज.
संपर्काचा हेतू:
इथे पेन दरवर्षी थांबतं.
जेवलीस का, एवढाच हेतू.
तो इंग्रजीत फार संशयास्पद दिसतो.

आई विचारते, हापिसात काय असतं गं तुझ्या?
कागद.
मग वडिलांसारखंच की, म्हणते.
ते जकात नाक्यावर होते,
ट्रकवरची ताडपत्री उचलून बघायचे
आणि आत काय दिसलं ते
जेवताना कधी बोलायचे नाहीत.
बोलत तीही नाही.
न्हाणीघरात पाय घसरला होता तिचा,
मला तिसऱ्या आठवड्यात कळलं,
तेही शेजारच्या आरगेवहिनींकडून.
विचारलं तर म्हणाली, तुला कशाला सांगायचं?
नियमात बसतं तिचं.
जाणून घ्यायची गरज असेल
त्यालाच सांगावं.

संध्याकाळी तिजोरी.
तिच्या दारावरच्या तक्त्यात तीन रकाने,
उघडली, बंद केली, तपासली.
तिसरी सही दुसऱ्याची लागते.
कोल्बी कोट घालून उभा होता,
सोमवारी त्याला वरच्या मजल्यावर बोलावलंय.
मी बंद केली. म्हटलं, तू तपास.
त्याने हँडल ओढून पाहिलं.
मग पुन्हा एकदा.
वेळ लिहिली, आद्याक्षरं लिहिली,
काही बोलणार होता, बोलला नाही.

खणातून फोन घेतला.
आईचे दोन मिस्ड कॉल, सकाळचे.
तिकडे आता पहाटेचे साडेतीन.
पार्किंगमध्ये गाड्या ओळखू येत नव्हत्या,
बर्फ बराच वेळ पडत असणार.