शेरा

तार्तूत दुपारी साडेतीनलाच अंधार.
विर्वे फाईल उघडते, बेटावरच्या दीपगृहाची,
एन्डेलने हाताने लिहिलेली.
चौकटी कंसात दिवा. चौकटी कंसात भोंगा.
मग हीटर.
खाली बरोबरच्या चिन्हांना टांगलेल्या किमती.

तिची लायब्ररी एकेका विभागाचा ऑब्जेक्ट करते.
आता भोंग्याला विचारता येतं, किती वेळाने वाजतोस?
नव्वद सेकंदांनी, तो म्हणतो.
स्वतःकडे नसेल ते
सगळ्यात वरच्या सामायिक विभागाकडून आणतो,
उसनं आहे हे कळू न देता.

चाचण्या हिरव्या.
कोट अंगात चढवत ती फाईल परत लिहून घेते.
सुबक आली. दोन ओळींनी लहान.

जुनीत शोधते.
हीटरखाली, अर्धविरामामागे,
जिथलं यंत्र वाचतच नाही:
एकोणीसच्या खाली नको, मिल्वी खोकते.
आणि त्याखाली, बहुधा नंतर कधीतरी:
आता गरज नाही. राहू दे.

किंमत तशीच होती.
एकोणीस.

विर्वे कोट पुन्हा खुंटीला लावते,
ऑब्जेक्टला आणखी एक खण करायला बसते,
ज्याला कुणी काही विचारणार नाही.