एक मिलिमीटर

माहुलच्या जेटीखाली, पावसाळ्याआधी,
एका दोरीला अठरा तुकडे बांधले होते मी:
बांबूची चटई राळेत भिजवलेली, गोणपाट, काथ्या,
मासळीच्या पेट्यांचं थर्माकोल विरघळवून थापलेलं,
एक तर केळीच्या सोपटांचा.
ऑक्टोबरात वर ओढले तेव्हा
काथ्यावर कालवांनी संसार थाटलेला.
केळीचा तुकडा नव्हताच, नुसती गाठ.
चौदा नंबर तेवढा धडधाकट:
निवडणुकीचा फ्लेक्स, चकाकी घासून काढलेला,
दुपदरी, मधे इपॉक्सी.

मग बांबू चिरले.
वाक वळवले उकळत्या पाण्याच्या फडक्यांनी,
जाळ्याच्या सुताने आवळले. खिळा एकही नाही.
वरून कातडं ताणून शिवलं
दाभणाने, गादीवाल्याच्या टाक्याने.
उमेदवार आला तळाला, उलटा,
जोडलेले हात नाळेखाली,
पाणी त्याच्या दातांवरून जाणार.

भंगारवाल्याच्या काट्यावर भरली बावीस किलो.
(काटा दोन किलो खातो, ते धरलेलं नाही.)

हसुराममामाने बोटाच्या पेराने ठोकलं.
सागावर ठोकलं की त्याला कळतं
कुठे पोकळ, कुठे गाठ, कुठला फळा खोटं बोलतोय.
फायबरच्या होड्या आल्या तेव्हाही कान लावलेला त्याने,
म्हणाला होता, मुकी आहे, पण पोसेल.
ही डफासारखी वाजली.
"वरातीत ने," म्हणाला.
पोरं हसली. मीही.

भरतीला सोडली.
पलीकडे रिफायनरीची ज्योत, पाण्यावर तेलाची साय.
बस म्हटलं नव्हतं मी, मामा आपणच बसला.
बूड टेकलं तिथे तळ पोटासारखा खाली आला.
मी मनातल्या मनात टाके मोजले.

वल्हं त्याने उचललंच नाही.
पंजा उपडा ठेवला तळावर,
तापलेल्या पोराच्या पोटावर ठेवतात तसा.
बराच वेळ.
"बोईटं गेली खालून. लहान आहेत."
मग, "ओहोटी लागली बघ."
मला पाणी सपाट दिसत होतं.
"तीन बोटं सागावर बसून चाळीस वर्षं काढली," म्हणाला,
"हे इतकं जवळ..."
आणि पुढचं बोललाच नाही.

धक्क्याला लागताना कालवांच्या धारेवर घासली.
उमेदवाराच्या गालापासून कानापर्यंत चीर,
मामाची लुंगी ओली.
सवयीने त्याने कापूस वळला, चंद्रूस लावून दाबला.
कापूस आरपार गेला, खाडीत पडला.
धरायला फळीच नव्हती.
"मासेमारीला नाही चालायची,"
लुंगी पिळत म्हणाला, आणि
चपला राहिल्यात आत, हेही.

वहीत रकाने चार: वजन, खर्च, ताकद, पाणी.
चौदापुढे लिहिलं, कालवांपुढे नापास.
मग समासात, पेन्सिलीने,
बोईट कळतं.