उशी

साडेसहाला सह्या घेतल्या माझ्या, तीन ठिकाणी.
पाय ठेवता येईल की नाही
ते आत उघडल्यावरच कळेल, म्हणाले,
आणि पेन आठवणीने परत मागून घेतलं.

तेव्हापासून परळच्या या कॉरिडॉरमध्ये
सतरंजीवर पडून आहे मी.
दाराच्या पलीकडे एल्रॉय, नऊ वर्षांचा,
मांडीवर जांभळ्या शाईचा बाण.
बाण कशाला गं? त्याने विचारलं.
चुकू नये म्हणून, मी म्हटलं,
आणि माझंच वाक्य माझ्या घशात
बोंबलाचं नव्हे, पाल्याच्या काट्यासारखं
आडवं राहिलं.

भीती म्हणजे वादळ असेल असं वाटायचं.
तशी नसते ती.
ती त्या कोपऱ्यातल्या वॉटर कूलरसारखी,
भिंतीला टेकून रात्रभर गुरगुरते,
मध्येच थांबते, वाटतं गेली,
मग अंग झटकून पुन्हा सुरू.

रोझरीचे मणी झाले. लाद्या मोजून झाल्या.
अकराच्या सुमारास मी त्याच्याशी भांडले,
मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत :
तुला काही वाटतं का रे?
इथे आमची होडी बुडतेय, आणि तू...

तिथेच अडकले.
हे भांडण माझं नव्हतंच.
माझ्याआधी ते भांडून झालं होतं,
चिंब भिजलेल्या, घाबरलेल्या मच्छिमारांचं,
माझ्याच जातीच्या माणसांचं.

आमच्या मनोरीच्या देवळात येतं हे वाचन.
फादर दर वेळी वाऱ्याला दटावण्यावर बोलतात.
उशीवर कुणी बोलत नाही.
पण आहे ती, लिहून ठेवलीय कुणीतरी,
वादळाच्या ऐन मध्यावर :
होडीच्या मागल्या अंगाला एक उशी,
आणि तिच्यावर त्याचं डोकं.

कोणाची असेल?
मासळीच्या होडीत उशी कोण नेतं?
कुणाच्या आईने शिवली असेल, चिंध्या भरून,
राहू दे रे, लागेल, म्हणत?

माझा बाप बस्त्याव, चाळीस वर्षं दर्यावर.
जाळ्याच्या गुंडाळीवर डोकं टाकायचा
आणि घोरायचा, लाटा कशाही असोत.
मी लहानपणी विचारलं, भीती नाय वाटत?
म्हणाला, झोपायच्या आधी मी एकदाच बघतो,
सुकाणूवर कोण बसलाय ते.
दर्याकडे नाय बघत.

मग त्यानेही तसंच बघितलं असेल का
त्या रात्री, वर, एकदाच?
आणि पाणी तर त्याच्याही अंगरख्यात शिरत होतं.
तो काठावर नव्हता झोपला.
आमच्याच होडीत होता.

हे कळल्यावर काय झालं?
काहीच नाही. कूलर गुरगुरत होता.
शेजारची बाई, खामगावची,
नाव विचारायचं राहिलंच,
तिचा नवरा चौथ्या मजल्यावर,
तिने पिशवीतून लुगडं काढलं,
चार घड्या घातल्या, माझ्याकडे सरकवलं.
घे माय, टेक डोकं.
कापराचा वास होता त्याला.

मी वर बघितलं. छत होतं, एक ट्यूबलाईट.
सांभाळ, एवढंच म्हटलं,
एल्रॉयचं नावसुद्धा घेतलं नाही,
त्याला माहीत होतं.

एल्रॉयची आई कोण?
एल्रॉयची आई!
सिस्टरने दोनदा हाक मारली म्हणे.
शेवटी हलवून उठवावं लागलं मला.

स्ट्रेचर दारात आलं होतं.
माझ्या गालावर लुगड्याच्या काठाचा वळ.
तू झोपली होतीस? त्याने विचारलं,
थोडं रागावूनच.
हो रे.
त्याने जरा विचार केला,
बाण असलेल्या मांडीवरची चादर नीट केली.
मग आत मी पण झोपतो, म्हणाला.