वांग

शंकरनगर चौकात ड्युटी, सकाळी दहा ते दुपारी तीन.
टोपी जिथवर येते तिथवर कपाळ माझं,
त्याखालचं मे महिन्याचं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर उमटलं हे,
आधी नाकाच्या दांडीवर, मग दोन्ही गालांवर,
जसा कुणी गरम कप टेबलावर ठेवून
उचलायचा विसरला.
सासू म्हणाली, वांग हाये बाप्पा, जायफळ उगाळ दुधात.
उगाळलं.
लिंबू लावलं, चरचरलं.
संत्र्याच्या साली गच्चीवर वाळवून कुटल्या,
नागपुरात त्यांना काय तोटा.
सालीनं कातडीचं काही ऐकलं नाही.

मग इतवारीतल्या मेडिकलवाल्या पोरानं
काउंटरखालून एक ट्यूब काढली.
"ताई, आठ दिवसांत बघा."
आठ दिवसांत खरंच बघितलं सगळ्यांनी.
नवऱ्यानं सेल्फी काढला, किती वर्षांनी.
चौथ्या महिन्यात गाल कांद्याच्या पापुद्र्यासारखे,
आतल्या शिरांचे लाल धागे दिसायला लागले,
आणि एक दिवस ट्यूब संपली की
डाग दुप्पट होऊन दारात,
वसुलीला आल्यासारखा.

धंतोलीत डॉक्टर निखाडेबाईंनी खोलीतला दिवा मालवला,
जांभळा दिवा तोंडावर धरला.
"थोडं वरवर आहे. थोडं खोल गेलंय."
आणि त्या अंधारात मला बाबा दिसले,
तांडापेठेच्या गल्लीत, कोपरापर्यंत निळे,
सुताची लड पिळत:
वर बसलेला रंग धुतला का जाते, वैजू.
सुतात शिरला त्याच्याशी भांडू नोको,
रंग नाही जात, सूत तुटते.

त्यांच्या नखांतली निळाई
शेवटच्या आंघोळीलाही निघाली नव्हती.

कशानं झालं, विचारलं.
ऊन, म्हणाल्या. बाळंतपण. त्या गोळ्या कधीपासून घेताय?
आईला होतं का? आईला होतं,
आम्ही ते तिचं तोंडच समजायचो.
काचेतून येणारा उजेडही पुरतो, म्हणाल्या.
मॅडम, माझ्या चौकाला काच नाही.
हसल्या, मग लिहायला घेतलं:
ती ट्यूब बंद, पण एकदम नाही, उतरवत उतरवत.
मातकट रंगाचं सनस्क्रीन, दोन बोटं भरून,
दर दोन-तीन तासांनी.
रात्रीचं मलम मी सांगेन तेवढेच दिवस.
"पूर्ण जाईल?"
"फिकं होईल. उन्हाळ्यात पुन्हा डोकं वर काढेल.
घासू मात्र नका."

आता बाराच्या सुमाराला, सिग्नल लाल असताना,
नव्वद सेकंदांत बूथच्या आडोशाला गालांवर बोटं फिरवते.
एक ऑटोवाला म्हणे, काहून मॅडम, मेकअप?
म्हटलं, हो, सरकारी.

परवा एक पोट्टी अडवली. हेल्मेट नाही,
तोंडाला दुपट्ट्याचे चार वेढे, फक्त डोळे.
लायसन्सच्या फोटोशी जुळवायचं होतं, म्हटलं, काढ.
काढला तिनं, दुसरीकडे बघत.
दोन्ही गालांवर तोच नकाशा,
कडांना तोच लाल.
"ट्यूब कुठून घेतलीस?"
तिला प्रश्नच कळला नाही, की कळला,
ती गाडीची कागदपत्रं शोधायला लागली.

चलान केलं. ते करावंच लागतं.
मग तिचा तळहात ओढून त्यावर पेनानं
धंतोलीचा नंबर लिहिला.
कच्ची शाई आहे, म्हटलं,
घामानं जायच्या आत उतरवून घे.

मागून हॉर्न.
सिग्नल केव्हाचा हिरवा झाला होता.