तीस पायपट्ट्या

चर्च विकलं तेव्हा ऑर्गनचे पाइप ज्याने त्याने नेले.
हेल्यूने फक्त पायपट्ट्या मागितल्या. तीस. ओकच्या.
तेव्हापासून त्या तिच्या स्वयंपाकघरात, टेबलाखाली,
आणि त्यांच्यावर मांजर झोपतं.

"वाजतील का रे? रात्रीच्या. कानात ऐकेन.
खालचा काल्यो चारला जाळी टाकायला जातो,
त्याची झोप मोडायची नाही."

मी सारेमाच्या फेरीबोटीवरचा इलेक्ट्रिशियन.
गाड्या चढायचा दरवाजा नीट मिटला का,
हे एक चुंबक सांगतो. त्यातलं मला कळतं.
संगीतातलं नाही.

रीड स्विच तिच्या तळहातावर ठेवला.
अर्ध्या काडेपेटीच्या काडीएवढी काच,
आत दोन पाती, एकमेकींना न शिवणाऱ्या.
चुंबक आला की शिवतात.
"आणि गेला की?"
"सुटतात. पण लगेच नाही."
ती काचेकडे बघत राहिली. मी चहा संपवला.

पहिला चुंबक निओडिमियमचा, कोटाच्या बटणाएवढा.
एक सी दाबला तर सी शार्प बोलला, डीही बोलला.
हेल्यू हसली. "आमची गल्लीच ही.
एकाकडे पाहुणा येतो, तीन घरचे दिवे लागतात."

दुसरा फ्रिजच्या दारावरचा,
ज्याच्याखाली तिची औषधांची यादी असते.
त्याचं बळ दारापुरतं. जवळ, आणखी जवळ,
लाकडाला लाकूड टेकलं तरी पाती गप्प.
यादी परत लावून टाकली.

तिसरा जुन्या बोटीच्या होकायंत्राखालचा, अल्निकोचा दांडा.
मला आवडला होता. पण ठोके बसत गेले की तो हळूहळू विसरतो,
आणि पायपट्टीचं तर आयुष्यच ठोक्यांचं.

शेवटी पुन्हा निओडिमियम, पण मसुरीच्या डाळीएवढा.
तरी दोन संध्याकाळी वाया.
ध्रुव नळीच्या अगदी मधोमध धरला होता मी,
तिथे दोन्ही पाती सारख्याच ओढल्या जातात
आणि काहीच होत नाही.
टोकाकडे सरकवला. टक्.
लोखंडी स्क्रू जोर चोरत होते, ते काढून पितळी लावले.
एक नळी तार वाकवताना फुटली. तिचा आवाज फार लहान.

मग पट्टीने मोजलं:
सात मिलीमीटरला जुळतात,
नऊला सुटतात.
"हे दोन मधले मिलीमीटर काढून टाकू का?" मी विचारलं.
"काढता येतात?"
"कमी करता येतात."
"राहू दे," ती म्हणाली. "पाय उचलल्यावर स्वर
दारात जरा थांबला पाहिजे."
आणि भजनांच्या वहीत, तारखेखाली, लिहिलं: ७, ९.

तिसावी पट्टी, सगळ्यात उजवीकडचा एफ,
तिने नको म्हटलं होतं.
डाव्या पायावर भार पेलत नाही, खुबा दुखतो,
उजवा तिथवर पोचतो पण दाबायला जोर उरत नाही.

तिथे मी तो पहिला बसवला, बटणाएवढा,
बाहेरच्या कडेला. त्या बाजूला शेजारच नाही.
नुसता बोट लागला तरी पुरेल.
तिला सांगितलं नाही.

काल उशिरा बोटीवरून येताना तिच्या खिडकीत दिवा होता.
जिन्यात उभा राहिलो. लाकडाचे ठोके ऐकू येत होते,
हळू, एकाआड एक,
मग थोडा वेळ काहीच नाही,
मग अगदी हलका एक.