ताशी चाळीस

अकरा गाड्या गोव्याला चालल्या होत्या,
दहा गेल्या.
अकरावीचं पोट मलकापूरला
उकरून ठेवलेल्या रस्त्यावर घासलं,
आणि तेलाची काळी रेघ मागं सोडत
ती मोकाशींच्या रसवंतीसमोर बसली.
मग मला फोन.

रंग म्हणाल तर पिकल्या करवंदाच्या आतला.
उंची माझ्या कमरेएवढी.
नाव इटलीकडचं, वाचताना जीभ अडखळते,
इलाही तिला पहिल्यापासून पाव्हणीच म्हणत होता.
किंमत विचारली तर साहेबांचा माणूस म्हणाला,
"चौदा कोटी,"
जसं आपण म्हणतो, दोन चहा द्या.

रॅम्प चढेना, नाक टेकत होतं.
मोकाशींनी दोन फळ्या दिल्या, वर पोती अंथरली.
ओढायला विंच होताच,
सात माणसं होती नुसती "हळू, हळू" म्हणायला.
बाराशे घोडे असे वर चढले.

कागदावर सही घेतली :
चाळीसच्या वर जायचं नाही.
"लगेच लागतं," म्हणाला.
गाडीला की साहेबांना, ते विचारायचं राहिलं.

तासवड्याच्या टोलवरची मुलगी
खिडकीतून अर्धी बाहेर आली.
"वरच्या गाडीचं काय?"
"ती चालत नाही, ताई. बसून आहे."

उंब्रजला चहा. अंकुश फिटरला राहवेना,
पुढचं झाकण उघडून बघू म्हणाला.
उघडलं. इंजिन नाहीच.
एक पिशवी मावेल एवढा खड्डा, आत मऊ गालिचा.
"इंजिन पाठीत असतंय तिच्या," इलाही म्हणाला,
त्यानं मोबाईलवर बघून ठेवलं होतं.
अंकुश बराच वेळ त्या खड्ड्याकडं बघत राहिला.
"चौदा कोटीत एक पिशवी?
माझ्या बजाजवर बायको, दोन पोरं
आन सिलिंडर बसतोय."

इंदोलीच्या पुढं एका ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं,
रिकाम्या दोन ट्रॉल्या, मागच्या फळीला लाल फडकं,
टेप मोठ्यानं.
ताशी तीनशे ऐंशी, कागदावर लिहिलेलं होतं तिच्या.
मी आरशात बघितलं नाही.

अतीत. रात्रीचे पावणेदोन.
सर्व्हिस रोडला घेतली. आमचं घर तिसरं.
कार्तिकीला उठवलं, शाळेच्या स्वेटरात, अनवाणी,
उचलून वर ठेवली.
तिनं काचेला नाक लावलं,
दोन्ही हात डोळ्यांच्या कडेला धरले, आत बघितलं.
"मागची सीट कुठंय?"
"नसते हिला."
"मग आई कुठं बसणार?"

तेवढ्यात फोन.
"गाडी अतीतला सतरा मिनिटं का थांबली आहे?"
कुठल्या तरी नकाशावर आम्ही एक ठिपका होतो.
"टायरची हवा बघतोय."
"कुणाच्या टायरची?"
"माझ्याच," म्हणालो.

खंबाटकीच्या बोगद्यात
माझ्याच डिझेलची घरघर भिंतींवरून परत आली,
क्षणभर वाटलं, मागची जागी झाली.
नव्हती झाली.
पट्ट्यांत बांधलेली, दिवे मिटलेले,
अंगावर अतीतची धूळ.

पुण्यात काचेचं घर, पांढरे हातमोजे.
कोंबडीनं पंख झटकावेत तशी तिची दारं वर गेली.
वीस मिनिटं टॉर्च.
खालून, कडेनं, चाकांच्या आतून.
ओरखडा नाही, त्यानं लिहिलं.
मग डाव्या काचेशी थांबला.
खाली एक नाकाचा गोल डाग,
दोन्ही बाजूंना लहान तळव्यांच्या कडा.
फडकं फिरवलं, निघालं नाही.
तोंडाची वाफ दिली, पुन्हा फिरवलं.

येताना घाट. इलाही झोपलेला.
उतरून सुरूरच्या सरळीला लागलो
तसा काटा पंचाऐंशीवर गेला.
साखळ्या नाचत होत्या,
मोकाशींच्या फळ्या, द्यायच्या राहिलेल्या,
रिकाम्या पाठीवर धाडधाड उडत होत्या.