भिंतीलगतचे दोन हात

रोसाल्बा ओंडके मोजते.
रांगेत अठरा, अशा बावीस रांगा,
आणि ऑगस्ट सरायच्या आत
वरच्या रांगेत चार कमी.
चिलोए बेटावर सरपण म्हणजे बँकेतली ठेव.
"कोल्हा काही लाकूड खात नाही," ती म्हणाली,
आणि पुंता आरेनासच्या मुलानं पैसे पाठवले.

म्हणून मी. शिडी, ड्रिल, केबलचं वेटोळं,
कास्त्रोहून पहिल्या बसनं.

टेबलावर दोन खोकी ठेवली.
एकात एकच कॅमेरा, पण दोन डोळ्यांचा:
एक डोळा रुंद, जागच्या जागी बसून सगळं अंगण बघणारा,
दुसरा जे हललं त्याच्यामागे मान वळवत जाणारा.
घराच्या कोपऱ्यावर एक भोक, एक वायर, काम संपलं.
दुसऱ्यात सुटे दोन, एकेका डोळ्याचे.
एक फाटकाला, एक सरपणाच्या छपराला,
दोन वायरी,
आणि भिंतीच्या त्या माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्यांना
दोनदा ड्रिल लावायचं,
जे माझ्या जिवावर येतं.

"सुटे," रोसाल्बा म्हणाली.
"एका कपाळातले दोन डोळे एकदमच झोपतात.
उंदरानं एक वायर कुरतडली की
घर दोन्हीकडून आंधळं."
मी मान डोलावली. बरोबरच होतं तिचं.
मी असतो तर मीही सुटेच घेतले असते.

एलेओदोरो चुलीपाशी बसलेला.
त्याचा डावा डोळा दुधाळ, दोन वर्षं झाली,
ऑपरेशनच्या यादीत नाव आहे, यादी हलत नाही.
त्यानं विचारलं,
"दोन डोळेवाल्याला खाली किती दिसतं?
अगदी भिंतीला चिकटून कुणी चाललं तर?"

धंद्यात मी खोटं बोलत नाही, निदान मापांबद्दल.
"भिंतीपासून दोन हात काही नाही," म्हटलं.
"दिव्याखाली अंधार, तसंच."

"मग हाच," तो म्हणाला.

मला वाटलं, पैसे वाचवतोय म्हातारा.
रोसाल्बानं मातेच्या भांड्यात गरम पाणी ओतलं,
थोडं सांडलं,
आणि म्हणाली, "लाव कोपऱ्यावर."

तीन आठवड्यांनी तिचा फोन, दबक्या आवाजात.
पुन्हा चार कमी.

मी सगळं चित्रण पाहिलं.
पाऊस. पाऊस. कुणाची तरी गाय.
टिटवीसारखा ओरडणारा एक पक्षी, त्याच्यामागे
फिरता डोळा चार मिनिटं इमानानं फिरलेला.
दोन्ही डोळे शाबूत. चोर नाही.

मग खाली उतरून भिंतीच्या कडेनं चाललो.
चिखलात रबरी बुटांचे ठसे,
एका माणसाचे, एका ओळीत,
डावी टाच झिजलेली,
छपरापासून भिंतीला घासत घासत
मागच्या कुंपणातल्या भगदाडापर्यंत.
पलीकडे एर्सिराचं घर.
एप्रिलमध्ये तिचा नवरा मासळीच्या पिंजऱ्यांवर गेला तो गेलाच.
मागच्या खेपेला तिच्या धुराड्यावर पक्षी बसले होते.
आज धूर होता.

आत आलो. म्हटलं,
"बाई, छपराच्या तुळईवर एक सुटा लावू,
निम्म्या किमतीत. कोण ते दिसेल."

ती माझ्याकडे बघत नव्हती.
चुलीपाशी वाळत घातलेले बूट होते,
डावा थोडा कलंडलेला.
एलेओदोरो बाहेर कोंबड्यांना हाका मारत होता,
गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.

"कुंपण शेत खातं म्हणतात," ती म्हणाली,
"शेताला काय कळत नाही होय?"
मग विचारलं, बसभाडं किती झालं.

पैसे दिले, वर अर्धं पोतं जांभळे बटाटे.
दारात पुन्हा थांबवलं. फोन पुढे केला.
कुंपण हललं की हा वाजतो, म्हणाली,
झोपमोड होते.
पहाटे पाच ते सहा
गप्प बसवता येईल का याला?

येतं. दोन बटणं दाबायची.
मी दाबून दिली.